पुसायचं कुठनं?

उत्तरेश्वर पेठेत, डंकाच्या धडधडीत
पहिली भेट झाली. मी शिंकत होतो,
रत्नाक्का हुक्केरी हसत होत्या.
"चटणीचा धंदा हाय बाळा,
हितं रडल्याबिगर व्यवहार न्हाई."

दाराशी काळा फळा. खडूनं लिहिलेलं
बेडगी, संकेश्वरी, लवंगी, कांडपाचा दर.
कडेला खिळ्यावर ओलं फडकं.
फडक्याकडं मी बघितलंच नाही.

पंधरा दिवसांनी वेबसाइट घेऊन गेलो.
वर सरकणाऱ्या मिरच्या, खाली पिवळं बटण,
मधे 'विश्वासाची अखंड परंपरा',
हे वाक्य माझंच, अक्कांना विचारलंही नव्हतं.
त्यांनी चष्मा पदरानं पुसला,
स्क्रीनवर बोट टेकलं. लाल ठसा उमटला.
"झ्याक झालंय. आता सांग,
ह्यातली बेडगी धा रुपयांनी चढली
तर पुसायचं कुठनं?"

मी म्हणालो, मला फोन करायचा.
"आनि त्या दिवशी तुझं लगीन असलं मंजे?"

घरी येऊन मिरच्या थांबवल्या.
परंपरा काढून टाकली.
मागच्या बाजूला एक खोली बांधली,
आत चारच चौकटी आणि एक बटण,
'प्रकाशित करा'.
"प्रकाशित व्हायला ह्ये काय पुस्तक हाय?
'लावा' म्हण. पाटी लावतो तसं."
लावा, लिहिलं.
डिलीटचं झालं पुसा,
लॉगिनचं कुलूप,
आणि पासवर्ड म्हणजे मेलेल्या म्हशीचं नाव,
जे कुणालाच ठाऊक नाही,
कांडपाला येणाऱ्या निम्म्या बाया सोडल्या तर.

पहिल्यांदा त्यांनी स्वतः लिहिलं
तेव्हा एकेक अक्षर गव्हातल्या खड्यासारखं
वेचत होत्या. लावा दाबलं.
बेडगीची बेडकी झाली.
संध्याकाळपर्यंत आमच्याकडं
बेडकी किलोवर मिळत होती.
तिघांनी फोन करून चौकशी केली, एकानं ऑर्डर दिली.
मी मोबाइल घ्यायला हात पुढं केला
तर हातावर चापट.
"चूक माझी हाय. मीच पुसनार."

मग एका सकाळी फोन:
"तुझी चौकट ऐकंना झालीया."
दराच्या जागी फक्त आकडा घ्यायचा
असं मीच तिला बजावून ठेवलेलं.
"आज मिरची दमट हाय, उद्या या,
ह्ये आकड्यात कसं लिवू?"
मला उत्तर आलं नाही.
त्या रात्री बंधन काढलं.
आमच्या धंद्यात याला ढिलाई म्हणतात.

ऑगस्टात मी पुण्यात होतो,
बातम्यांत पंचगंगा फुगत होती.
अक्कांचा फोन लागेना. सहज पान उघडलं.

संकेश्वरी: पाणी जामदार क्लबापाशी आलं.
लवंगी: माल माळ्यावर टाकला.
कांडप: मोटर सोडवली. पोरं खांद्यावरनं नेत्यात.
बेडगी: मी लेकीकडं कसबा बावड्यात हाय, फोन करू नगा, चार्जिंग राखून ठेवतोय.

खाली, माझ्या बारीक करड्या अक्षरांत:
लावलं, सकाळी ६.४०.

दुसऱ्या दिवशी चारही चौकटी कोऱ्या.
कोरी चौकट कशी दाखवायची
हे मी ठरवलंच नव्हतं.
नुसती पांढरी जागा, भिंतीवरून
कॅलेंडर काढल्यावर राहते तशी.
जेवताना उघडायचो, झोपताना उघडायचो.
बातम्यांत पाणी किती फूट ते कळायचं,
डंकाचं कळायचं नाही.

नवव्या की दहाव्या दुपारी
कांडप: पन्नास रुपये. वाळवून आना.
आणि त्याच्याखाली
बेडकी: मिळंल.

नंबर काढला. बोट हिरव्या खुणेवर नेलं,
मग परत घेतलं.
राहू दे.
अक्कांचं अक्का पुसतील.